अर्ध्या किलोचं खोटं

मी एक जुना, टांगायचा वजनकाटा आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खुंटीला टांगलेल्या लोखंडाला कसली आलीय घाई? ना कुठे जायचं, ना यायचं. खरं आहे. पण माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि ती कधी गप्प राहत नाही. दार आपटलं की माझा काटा थरथरतो, बाहेर ट्रक गेला की थरथरतो, आणि कुणाच्या पायांचा आवाज झाला की तर विचारूच नका. आज एकदाची मनातली मळमळ बाहेर काढतो. ऐका, आणि मध्ये मध्ये जांभया देऊ नका.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची गोल पेटी, वर एक कडी, खाली एक आकडा, पांढऱ्या तबकडीवर शून्य ते पंचवीस आणि मध्ये लाल काटा, बस्स, एवढाच माझा संसार. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्या प्रत्येक काट्याला पाच किलो, दहा किलो, पंधरा किलोची वजनं टांगून पाहायच्या. माझ्या दोन्ही बाजूंच्या भावांना त्यांनी नाक मुरडून परत पाठवलं. मला मात्र तीनदा तपासलं, पाठीवर खडूने बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "हा सरळ आहे." मी तेव्हा इतका फुशारलो की काय सांगू! पुढे तो शब्द मला किती छळणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

खोक्यात बसून, ट्रकमधून हादरे खात मी एका बालकेंद्रात आलो. डोंगराच्या कडेला विखुरलेली वस्ती, मधून जाणारा अर्धा कच्चा, अर्धा डांबरी रस्ता, आणि शाळेला चिकटून एक खोली. खोलीत एक तुळई होती. तिला मला टांगलं. शेजारच्या भिंतीवर उंची मोजायची पट्टी, खाली चटया, कोपऱ्यात पिठाच्या पाकिटांचं कपाट. आणि खिडकीजवळ टेबलाशी बसायच्या बाई.

बाई म्हणजे केंद्र चालवणाऱ्या. बारा वर्षं त्यांनी ती खोली सांभाळली होती. कानामागे निळं पेन. लिहिताना जीभ किंचित बाहेर. आणि पेन असं दाबून चालवायच्या की खालच्या तीन पानांवर आकडे उमटायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक मुलाची तीन पानं होती. पहिलं आरोग्याचं, दुसरं सुरक्षेचं, तिसरं शिक्षणाचं. मूल किती वजनाचं, घराजवळ कठडा नसलेली विहीर आहे का, मूल एकटं राहतं का, मोठी भावंडं शाळेत जातात का, सगळं त्या विचारून, प्रसंगी घरी जाऊन पाहून लिहायच्या. वरच्या कार्यालयात ही पानं जायची आणि त्यांवरून कुठे काय द्यायचं ते ठरायचं. मला पहिल्या पानाचा फार तोरा होता. बाकीची दोन पानं माणसांच्या सांगण्यावर चालायची. पहिलं माझ्या शब्दावर चालायचं.

बाईंच्या मदतीला मावशी होती. मदतनीस म्हणून कामाला लागलेली, पण थाट असा की केंद्र तिच्याच मालकीचं. झाडायचं, शिजवायचं, रडणाऱ्याला गप्प करायचं आणि गप्प असलेल्याला हसवायचं, ही तिची कामं. प्रत्येक पोराला तिने नाव ठेवलेलं. एक होता हवालदार, एक होती पोपटीण, आणि एक होती मुंगी.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वजनं व्हायची. माझ्या आकड्याला पातळ कापडाची झोळी कायमची अडकवलेली असायची. मूल यायच्या आधी बाई रिकाम्या झोळीसकट माझा काटा शून्यावर आणायच्या. त्यासाठी माझ्या डोक्यावर एक स्क्रू आहे. तो थोडा फिरवला की झोळीचं वजन आपोआप वजा. मग मूल झोळीत, काटा आकड्यावर, आकडा वहीत. वहीतल्या तक्त्यावर वयाप्रमाणे वजन बघून मूल हिरव्या रंगात आलं की छान. पिवळ्यात आलं की आईला दर आठवड्याला जादा पिठाची पाकिटं. लाल रंगात गेलं की केंद्राची गाडी यायची आणि आई-मुलाला मोठ्या दवाखान्यात न्यायची. तिथे तीन आठवडे ठेवून घ्यायचे, खाऊपिऊ घालायचे, तपासायचे. म्हणजे बघा, मी काय सांगतो त्यावर पोटात काय जाणार हे ठरत होतं. एवढी मोठी जबाबदारी कुणी तुमच्यावर टाकली असती तर तुम्हीही थरथरला असतात.

आता पंचाईत कशी झाली ते सांगतो. एका मंगळवारी हवालदार खुर्चीवर चढला आणि माझा स्क्रू गरगर फिरवून बसला. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशीची सगळी वजनं ढगात! नेमके त्याच आठवड्यात पाहणी करणारे साहेब आले. वही बघून त्यांचा पारा चढला.

"बाई, ही पोरं आहेत की फुगे? एका महिन्यात तीन-तीन किलो?"

बाईंनी मान खाली घातली. साहेबांनी स्वतःच्या हाताने माझा काटा झोळीसकट शून्यावर आणला, पिशवीतून लाल लाखेची कांडी काढली, काडी ओढली आणि स्क्रूवर लाखेचा टपोरा थेंब टाकला. वर शिक्का दाबला.

"आता शून्याला कुणी हात लावायचा नाही. लाख तुटलेली दिसली तर जबाब तुम्ही द्यायचा."

साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना वाटलं, आता हा काटा कायमचा बरोबर राहील. बाईंनी कानाला खडा लावला. त्यानंतर त्या माझ्यावरची धूळ पुसतानासुद्धा त्या लाखेच्या आजूबाजूने फडकं फिरवायच्या.

पुढे दोन महिन्यांनी पातळ झोळी फाटली. शिंपीकाका चांगला माणूस. ट्रकवरच्या ताडपत्रीचा तुकडा त्याच्याकडे पडून होता. त्यातून त्याने नवी झोळी शिवली. दुहेरी शिवण, जाड दोऱ्या, वर आडवं लाकूड आणि एक लोखंडी कडी. "हत्ती बसवा, तुटायची नाही," असं म्हणून त्याने ती मावशीच्या हातात दिली. मावशीने कौतुकाने ती दाखवत सगळी वस्ती पालथी घातली. ती झोळी जुन्या झोळीपेक्षा बरोबर अर्धा किलो जड होती. मला पहिल्याच दिवशी कळलं. मला नाही कळणार तर कुणाला?

पण बाईंना कसं कळणार? जुन्या दिवसांत रिकामी झोळी माझ्यावर लटकलेली असायची. आता लाख बसली होती, शून्य करायचं कारणच उरलं नव्हतं. शिवाय मावशीने नवी पद्धत काढली. मुलं हवेत झुलली की भोकाड पसरायची, म्हणून आईने मांडीवरच मुलाला झोळीत बसवायचं, मग मुलासकट झोळी उचलून कडी माझ्या आकड्यात अडकवायची. वजन झालं की तशीच खाली उतरवायची आणि पुढच्या आईकडे द्यायची. पोरं रडेनाशी झाली. बाईंनी मावशीची पाठ थोपटली. आणि रिकामी झोळी माझ्यावर कधी लटकलीच नाही. झोळी नसली की माझा काटा तबकडीवरच्या अडवणाऱ्या खिळ्याला टेकून शून्यावरच उभा, त्याखाली जायला वावच नाही. जो येई तो बघे आणि म्हणे, शून्य आहे, सगळं ठीक आहे.

त्या मंगळवारी पहिलं मूल अडकवलं आणि मी अर्धा किलो जास्त दाखवला. मित्रांनो, मी मुद्दाम नाही दाखवला! माझ्यावर जेवढा भार आला तेवढा मी सांगितला. पण मूल किती आणि झोळी किती, हे वेगवेगळं सांगायला मला तोंड नाही. मी काटा हलवून पाहिला. बाई म्हणाल्या, "मावशी, खिडकी लावा, वाऱ्याने हलतोय." खिडकी लागली. मी पुन्हा स्थिर झालो आणि पुन्हा तेच खोटं बोललो. चौतीस वेळा.

त्या महिन्यात केंद्रातलं प्रत्येक मूल वाढलं. बाई एकेक आकडा लिहीत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळत होता. त्यांना वाटलं, आपण घरोघरी फिरून जे सांगत होतो, ते पीठ, ते हात धुणं, ते उकळलेलं पाणी, त्याचं हे फळ. बारा वर्षांत त्या एवढ्या हसल्या नव्हत्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरच्या कार्यालयातून प्रमाणपत्र आलं. 'सर्वोत्तम बालकेंद्र.' साहेब स्वतः आले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. एका फोटोत मीपण आहे, मधोमध. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, काटा सरळ असला की सगळं सरळ होतं!" सगळे हसले. त्यांनी आरोग्याचं पान तेवढं पाहिलं. हिरवंगार दिसलं, तर पुढची दोन पानं कोण उलटतो?

आता मुंगीविषयी सांगतो, कारण माझा जीव तिच्यात अडकला होता. मुंगी वर्षाची होती. लहानखुरी, सतत कुठेतरी सरकत असलेली, म्हणून मुंगी. जुन्या झोळीत ती सहा किलो नऊशे भरली होती. पिवळा रंग. तिच्या आईला जादा पाकिटं मिळायची. नव्या झोळीतल्या पहिल्या महिन्यात ती खरी सहा-आठशे होती, मी सात-तीनशे दाखवली. हिरवा रंग. "अगं, मुंगी हिरव्यात आली!" मावशी ओरडली. पाकिटं बंद.

मुंगीची आई किराणा मालाच्या मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पुड्या भरायची. पोत्यातली साखर, डाळ, तांदूळ डावाने काढायचं, पिशवीत ओतायचं, तोंड बांधायचं. किलोच्या, अर्ध्या किलोच्या, दिवसाला तीनशे पुड्या. वस्तीत तिला पुडीवाली म्हणायचे. दुकानदार तिच्या दहातली एक पुडी जोखायचा आणि चिमूटभरसुद्धा फरक निघायचा नाही. तिचा हात म्हणजे काटाच. हे मी कौतुकाने सांगतो, आणि मी सहसा दुसऱ्या काट्याचं कौतुक करत नाही.

पाकिटं बंद झाल्यावर पुडीवालीने दोन तास जास्त काम धरलं. मग मुंगीला सांभाळायला तिची मोठी बहीण, तिसरीत शिकणारी, घरी राहू लागली. शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरीचे गोळे पडू लागले. बाईंनी ते तिसऱ्या पानावर लिहिलंसुद्धा, 'गैरहजर, कारण घरकाम.' पण ते गोळे माझ्या अर्ध्या किलोतून गळलेत, हे त्यांना कसं उमगावं? मी वरून बघत होतो आणि तडफडत होतो.

दुसऱ्या महिन्यात पुडीवाली वजन करून घेताना थोडी थांबली. "बाई, हिचे हात बघा ना. दंड बारीक झाल्यासारखे वाटतात."

"अगं, दिवसभर सरकत फिरते ना, मग अंग झडणारच," बाई म्हणाल्या. "काटा सात-चारशे दाखवतोय. रेषेवर आहे, पण हिरव्यातच आहे."

पुडीवालीने मुंगीला कडेवर घेतलं. एवढ्या शिकलेल्या बाई, प्रमाणपत्र लावलेली भिंत, आणि वर मी. माझ्यासमोर तिच्या हाताचा शब्द कोण ऐकणार?

त्याच दिवशी आणखी एक आई आली होती. त्या वेळी वस्तीबाहेर रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं आणि काम करणारी माणसं कडेला तंबू ठोकून राहिली होती. बाई आपणहून तिकडे जाऊन त्यांच्या पोरांना बोलावून आल्या होत्या. ही आई आठ महिन्यांचं बाळ घेऊन धावतपळत आली, कारण मुकादमाने अर्धाच तास दिला होता. बाळाच्या डाव्या टाचेवर डांबराचा डाग होता. घासून घासून कातडी लाल झाली होती, डाग मात्र तस्साच. मावशीने लगेच नाव ठेवलं, डांबऱ्या. बाईंनी तीनही पानं भरली. सुरक्षेच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'आई कामावर असताना बाळाचा पाय कापडाने खुंटीला बांधतात, नाहीतर ते रस्त्यावर रांगत जातं.' मग वजन केलं. मी सात किलो दाखवले. सात, अगदी रेषेवर. तो खरा साडेसहाचा होता.

"बरा आहे ना हा?" आईने विचारलं.

"अगदी हिरव्यात आहे. काही काळजी करू नका."

बाईंनी निळ्या शाईत कार्डावर दाबून सात लिहिलं. ती आई इतकं मनापासून हसली! कार्ड तिने ब्लाउजच्या आत नीट घडी करून ठेवलं आणि बाळाला कडेवर घेऊन धावत सुटली. जाताना डांबऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. चमकणाऱ्या वस्तूकडे मुलं दाखवतात, तसं. माझा काटा किती वेळ थरथरत होता, मला आठवत नाही.

तिसऱ्या मंगळवारच्या आधी मुंगीला ताप येऊन गेला. पुडीवालीने तिला झोळीत बसवलं, उचललं, आणि माझ्या आकड्यात कडी अडकवायच्या आधीच ती म्हणाली, "साडेसहा."

"काय?" बाईंनी वर पाहिलं.

"ही साडेसहा आहे, बाई. झोळी सोडून."

मी सात दाखवले.

"सात आहे," बाई म्हणाल्या. "घसरलीय खरी. पिवळ्यात आलीय. आजपासून पाकिटं परत सुरू करू, पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यापर्यंत ही राहायला पाहिजे ना!" पुडीवालीचा आवाज चढला. "कडेवर घेतली तर हाडं टोचतात. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवते. बाई, हिला लाल रंगात घाला. मला गाडीत जागा द्या."

मित्रांनो, कुठली आई आपलं लेकरू लाल रंगात जावं म्हणून भांडेल? बाईंचा चेहरा कसनुसा झाला.

"अगं, मी माझ्या मनाने कशी घालू? गाडीवाले वहीतला आकडा बघतात. काटा सात म्हणतोय. काटा काय खोटं बोलतो?"

"मला नाही माहीत काटा काय बोलतो. माझ्या हाताखालून रोज दीडशे अर्ध्या-अर्ध्याच्या पुड्या जातात. तुमच्या काट्यात एक पुडी जास्त आहे."

मी वरून ओरडत होतो, होय गं बाई, होय! बरोबर बोलतेयस! पण माझं ओरडणं म्हणजे काट्याची एक बारीकशी थरथर. बाईंनी परत खिडकीकडे पाहिलं.

पुडीवालीने मुंगीला मावशीच्या मांडीवर टाकलं आणि तरातरा निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा धापा टाकत होती आणि तिच्या हातात मिठाची एक किलोची पिशवी होती.

"अगं बाई, आता मीठ जोखायचं का इथे?" मावशी हसली.

"जोखायचं. ही कंपनीची सीलबंद पिशवी आहे. माझ्या हातची नाही, उगाच नंतर म्हणाल."

बाई वैतागल्या होत्या. बाहेर रांग खोळंबली होती. पण त्या उठल्या. स्वतःच्या हाताने त्यांनी मीठ झोळीत ठेवलं, झोळी उचलली आणि कडी अडकवली.

मी तेव्हा जितका स्थिर उभा राहिलो तितका जन्मात कधी राहिलो नव्हतो. दीड किलो.

बाईंनी काचेवर टिचकी मारली. दीड. त्यांनी मीठ काढलं. झोळी रिकामी लटकत राहिली. अर्धा. बाईंची नजर काट्यावरून झोळीच्या लोखंडी कडीवर गेली, तिथून माझ्या डोक्यावरच्या लाखेवर, आणि तिथून भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर. त्यांनी वही ओढली आणि खाली चटईवर बसून मागची पानं उलटली.

"तीन महिने," त्या पुटपुटल्या. "तीन महिने मी काय लिहीत होते?"

मावशी त्यांच्या कानाशी वाकली, पण माझ्या अगदी खालीच, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "बाई, शुक्रवारी साहेब मोठ्या पाहुण्यांना घेऊन येणार आहेत आपलं केंद्र दाखवायला. आज ही एक पोर गुपचूप लाल रंगात लिहा. बाकीचं पुढच्या महिन्यापासून हळूहळू नीट करू. कुणाच्या बापाला कळणार आहे?"

मावशी वाईट नव्हती हो. बाईंवर तिचा जीव होता, म्हणून बोलली. बाई वहीकडे बघत राहिल्या. माझी स्प्रिंग इतकी ताणली होती की आता तुटते की मग तुटते असं झालं होतं. तेवढ्यात मुंगी मावशीच्या मांडीवरून उतरली. पूर्वी ती खोलीभर सरकत जायची. आता दोन वीत सरकली, थांबली, आणि चटईवर गाल टेकवून पडून राहिली.

बाई उठल्या. केसातला आकडा काढला, खुर्चीवर चढल्या आणि माझ्या डोक्यावरची लाख खरवडून काढली. लाल कपचे टपटप खाली पडले. स्क्रू फिरवला. झोळीसकट शून्य.

"मुंगीला आणा."

सहा किलो पाचशे. लाल रंग. बाईंनी आकडा लिहिला, सही केली आणि गाडीला फोन लावला. मग दाराबाहेरच्या रांगेकडे वळून म्हणाल्या, "कुणी घरी जाऊ नका. मावशी, जे गेलेत त्यांना परत बोलवा. सगळ्यांची वजनं पुन्हा करायची. माझी चूक झालीय."

दोन दिवस वजनं चालली. पिवळ्यात अकरा निघाले, लाल रंगात चार. शुक्रवारी साहेब पाहुण्यांना घेऊन आले. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलेलं पाहून ते आधी गोंधळले, मग वही पाहिली आणि लालबुंद झाले. पाहुणे मोटारीत बसून राहिले.

"काटा नादुरुस्त निघाला, असं लिहा आणि विषय संपवा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

नादुरुस्त? मी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला! तीनदा तपासलेला मी, खडूची खूण मिरवणारा मी!

"काटा बरोबर आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "झोळी बदलली आणि शून्य बघितलं नाही. लाख तुम्ही लावलीत आणि ती खरवडायला मी घाबरले. मी असंच लिहिणार आहे."

बाईंनी तसंच लिहिलं. तीन पानं खाली उमटेल एवढं दाबून. पण कार्यालयात असं लिहिलेलं कुणाला आवडत नाही. महिन्याभरात नवं, आकडे चमकणारं यंत्र आलं आणि माझ्या कडीला चिठ्ठी बांधली गेली, 'नादुरुस्त.' खोटं बोलत होतो तेव्हा माझा फोटो निघाला, आणि खरं बोललो तेव्हा मला खुंटीला टांगलं. भंगारात जाणार होतो, पण बाईंनी मला कुणाला नेऊ दिलं नाही. "राहू दे तिथेच, माझ्यासमोर," एवढंच त्या म्हणाल्या.

मुंगी तीन आठवड्यांनी परत आली. दारातून आत आली ती सरळ सरकत पिठाच्या कपाटापर्यंत गेली, आणि वाटेत तिने हवालदाराला चावून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. तिची बहीण पुन्हा शाळेत जाऊ लागली. भिंतीपलीकडून पाढे ऐकू येतात, त्यात एक आवाज तिचा आहे. आता पहिल्या मंगळवारी नवं यंत्र सुरू झालं की पुडीवाली आधी त्यावर मिठाची पिशवी ठेवते. यंत्राने एक म्हटलं, तरच पहिलं मूल पुढे येतं. नवं यंत्र मनातून चिडतं, मला दिसतं. चिडू दे. मला कुणी वेळेवर मीठ घातलं असतं तर!

मग आता मला चैन का नाही, असं विचाराल. सांगतो.

वजनं पुन्हा केली त्या दोन दिवसांत सगळी मुलं आली, एक सोडून. बाई तिसऱ्या दिवशी सकाळीच रस्त्याच्या कडेला गेल्या. तंबू नव्हते. जमिनीवर नुसत्या खुंट्यांची भोकं आणि चुलीची राख. रस्ता गुळगुळीत झाला होता. त्या मुकादमाला शोधत तीन गावं फिरल्या. त्याने हात झटकले, "गेले हो ते दुसऱ्या कामावर. कुठे ते मला काय ठाऊक?" बाईंनी कार्यालयांना पत्रं लिहिली. नाव काय सांगणार? डांबऱ्या? पत्रांना उत्तरं आली नाहीत. वहीत त्याची तीन पानं अजून आहेत. पहिल्या पानावरचं सात त्यांनी खोडलं आणि साडेसहा लिहिलं. पण त्याच्या आईजवळच्या कार्डावर ते कोण खोडणार? तिला तर मीच सांगितलंय, काळजी करू नको म्हणून. कदाचित ती अजून कार्ड काढून बघत असेल आणि निर्धास्त होत असेल.

त्याला आता वर्ष झालं. माणसं मला सरळ म्हणोत की नादुरुस्त, मला काही वाटत नाही. पण दारात अनोळखी पाऊल वाजलं की माझा काटा खिळ्यावरून उठतो. आणि टेबलाशी बसलेल्या बाईसुद्धा त्याच क्षणी मान वर करतात.

म्हणून मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला तेलपाणी करा, गंज पुसा, असलं काही मी मागत नाही. तुमच्या गावाजवळ रस्त्याचं काम निघालं, तंबू पडले, तर जरा तिकडे जाऊन या. पावणेदोन वर्षांचा मुलगा दिसेल. त्याची डावी टाच बघा. डाग असेल तर त्याच्या आईजवळ एक घडी घातलेलं कार्ड असेल, त्यावर निळ्या शाईत, दाबून लिहिलेलं सात असेल. तिला सांगा, त्यातून अर्धा किलो वजा कर. मग त्याला जवळच्या केंद्रात घेऊन जा, कुठल्याही काट्यावर बसवा, आधी मीठ ठेवून बघा, आणि तो किती भरला ते इथे येऊन मला सांगा.

कितीही आकडा असू दे. फक्त आकडा असू दे.